जपानला जाताय? कोयासानला एक रात्र ठेवाच

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सोळा जण जपानला जाऊन आलो. बहुतेक पुण्याचे, काही सांगलीचे. वये पन्नासपासून एकाहत्तरपर्यंत. अकरा दिवसांत टोकियो, हाकोने, क्योटो, नारा, कोयासान आणि हिरोशिमा. परत आल्यापासून ओळखीपाळखीचे लोक फोन करून विचारत आहेत, म्हणून एकदाच सगळे लिहून काढतो. मुख्य सांगणे आधीच सांगून टाकतो: तुमच्या कार्यक्रमात कोयासान हे डोंगरावरचे बौद्ध मठांचे गाव नसेल, तर दुसरे काहीतरी कमी करा, पण तिथे एक रात्र राहा. का, ते पुढे येईलच.

टोकियोत आसाकुसाचे सेन्सोजी मंदिर सगळेच बघतात. तिथे सकाळी आठच्या आत पोहोचा. दुकाने बंद असतात, पण कॅनॉनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, दारात शांतपणे उभे राहता येते. दहा वाजल्यानंतर पाय ठेवायला जागा नसते. तिथून सुमिदा नदीच्या बाजूने पंधरा मिनिटे चालले की मात्सुचियामा शोदेन हे टेकाडावरचे छोटे मंदिर लागते. आमच्या मूळ कार्यक्रमात ते नव्हते, मी हट्टाने घालायला लावले. इथला देव कांगितेन, म्हणजे गणपती. मूर्ती गुप्त असते, दर्शन होत नाही. नैवेद्याला चक्क मुळा! पांढराशुभ्र जाडजूड मुळा तिथेच विकत मिळतो आणि तो देवापुढे ठेवतात. भिंतींवर, पायऱ्यांवर जिथे पाहाल तिथे मुळ्याची आणि पैशांच्या बटव्याची चिन्हे. आमच्यातल्या एका वहिनींनी हात जोडले आणि म्हणाल्या, "मोदक नाही तर मुळा, बाप्पा तोच." पुढच्या सगळ्या प्रवासात आम्ही ओळखीचे देव शोधत हिंडलो. उएनोच्या तळ्यातल्या देवळात सरस्वती आहे. तिचे इथले नाव बेन्झाइतेन.

सामानाचे मात्र नीट ऐका. शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, स्थानकात थोडाच वेळ थांबते, आणि तेवढ्यात सोळा मोठ्या बॅगा आत चढवणे म्हणजे जिवाची घालमेल. आमची पहिल्याच दिवशी तशी धावपळ झाली. लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर जाणारी बॅग टोकियो-ओसाका मार्गावर न्यायची, तर तिच्यासाठीची जागा आधी आरक्षित करावी लागते. त्यापेक्षा ताक्युबिन ही घरपोच सामान पोहोचवणारी सेवा वापरा. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, ती साधारण दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात हजर. आपल्या पाठीवर एका रात्रीपुरते कपडे आणि औषधे एवढेच. टोकियोहून क्योटोकडे जाताना 'ई' अक्षराची खिडकी मागा, फुजी पर्वत त्या बाजूला दिसतो. आणि रेल्वेचा सात दिवसांचा पास डोळे झाकून घेऊ नका. 2023 च्या ऑक्टोबरात त्याची किंमत 29,650 येनवरून 50,000 वर गेली, त्यामुळे तुमच्या मार्गाची सुटी तिकिटे किती होतात ते आधी मांडून बघा.

हाकोनेला रोपवेने ओवाकुदानी दरीवरून गेलो. गंधकाच्या वाफा, त्या पाण्यात उकडलेली काळ्या टरफलाची अंडी, खाली आशी सरोवर. दिवस छान गेला. रात्री गरम झऱ्याच्या स्नानगृहात जायचे तर बाहेर साबणाने स्वच्छ अंग धुऊन मगच कुंडात उतरायचे, अंगावर कपडा नसतो. बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. आमच्यातल्या काही जणींना फार संकोच वाटत होता. त्यांच्यासाठी ताशी भाड्याचे खासगी कुंड मिळाले, त्याला 'काशिकिरी' म्हणतात. युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, घालताना डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलटे नेसवतात ते मृतदेहाला.

क्योटोत किंकाकुजी हे सोनेरी मंदिर आणि फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानी बघाच. इनारीला पहाटे जा आणि गर्दी दिसली तरी अर्ध्या वाटेतून परतू नका, वर चढत गेलात की माणसे विरळ होतात. शहरात बस खच्चून भरलेल्या असतात. गुडघे दुखणारे कोणी बरोबर असेल तर चौघांत टॅक्सी करा. तिचे मागचे दार चालकच उघडतो, आपण ओढू नये. पण क्योटोत सर्वांत जास्त वेळ कुठे द्यावा असे मला विचाराल, तर सान्जुसान्गेन्दो. सुमारे 120 मीटर लांब लाकडी सभागृह आणि त्यात कॅनॉनच्या 1001 मूर्ती रांगेने उभ्या. आजची वास्तू 1266 सालची. सगळे जण त्या सोनेरी रांगांकडे बघत पुढे सरकतात. तुम्ही समोर उभ्या असलेल्या 28 रक्षक देवतांपुढे थांबा. चोच असलेला, बासरी वाजवणारा करुरा म्हणजे आपला गरुड. काठी टेकून उभा असलेला हाडकुळा म्हातारा बासु सेन्निन म्हणजे वसू ऋषी. गंधर्व आहे, किन्नर आहे, असुर आहे. आमच्यातले एक निवृत्त संस्कृत शिक्षक तासभर तिथून हलले नाहीत. आत फोटो काढायला बंदी आहे आणि चपला-बूट बाहेर. फरशी गार लागते, जाड मोजे घाला.

नाराला तोदाइजी मंदिरातला सुमारे 15 मीटर उंचीचा बुद्ध. 752 साली या मूर्तीचे डोळे रेखण्याचा सोहळा झाला, तो भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूच्या हस्ते. कुंचल्याला लांब दोरी बांधली होती आणि जमलेल्यांनी ती धरली होती. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेत नेत्रोन्मीलन करतात, तेच हे. बाहेर हरणे मान लववून बिस्किटे मागतात. हातातला कागदी नकाशाही खातात, सांभाळा.

आता कोयासान. क्योटोहून आधी ओसाकाला, तिथून नांकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत, मग खड्या चढाची केबल कार, मग बस. सगळे मिळून तीन तास धरा. वरच्या स्थानकापासून गावात चालत जाता येत नाही, तो रस्ता फक्त बसचा आहे. उंची साधारण 800 मीटर, थंडी क्योटोपेक्षा बरीच जास्त. पण लाल-पिवळी पाने इथे आधी रंगतात: आम्हाला क्योटोत झाडे हिरवी दिसली आणि इथे सगळा डोंगर पेटलेला.

816 साली कुकाई, म्हणजे कोबो दाइशी, यांना ही जागा मिळाली आणि त्यांनी इथे शिंगोन या बौद्ध पंथाचा मठ वसवला. आज शंभरावर मठ आहेत, त्यांतल्या पन्नासएक मठांत मुक्काम करता येतो. आम्ही तातामीवर, म्हणजे जाड चटयांवर, गादी घालून झोपलो. खाली बसता येत नाही अशांसाठी खुर्च्या हव्यात हे आरक्षण करतानाच कळवा. आमच्या सहल कंपनीने ते कळवलेच नव्हते आणि तीन ज्येष्ठांचे जेवताना फार हाल झाले. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच असते.

आणि ते जेवण! त्याआधीचे आठ दिवस आमच्यातल्या शाकाहारी मंडळींनी खूप सोसले. जपानमध्ये वरवर शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थातही दाशी असते, म्हणजे सुकवलेल्या माशाचे पाणी. मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, भज्यांबरोबरच्या पातळ चटणीतही. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. 'मासे आणि माशाची दाशीही नको' असे जपानीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवा. मठातल्या शोजिन र्योरीत, म्हणजे भिक्षूंच्या शाकाहारी जेवणात, मात्र मांस-मासे तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. दाशी समुद्री शेवाळाची आणि अळंब्यांची. तिळाचा मऊ गोमादोफू, स्पंजासारखा कोयादोफू, लोणची, भात. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या काकू पहिल्यांदाच कुणाला काही न विचारता पोटभर जेवल्या.

रात्री ओकुनोइन या समाधिस्थळाच्या दोन किलोमीटरच्या वाटेने गेलो. दोन्ही बाजूंना प्रचंड सुगी वृक्ष (जपानी सीडर), त्यांच्याखाली दोन लाखांवर समाध्या. वाटेच्या टोकाला कुकाईंचे स्थान. 835 पासून ते तिथे ध्यानात आहेत अशी श्रद्धा आहे आणि रोज दोन वेळा त्यांना जेवण नेले जाते. जपानी वाटाड्या हे इंग्रजीत समजावायला धडपडत होता. आम्हाला एका शब्दात कळले: संजीवन समाधी. आळंदीला ज्ञानेश्वर माउलींपुढे उभे राहताना जे वाटते, तेच तिथे वाटले. शेवटचा पूल ओलांडल्यावर फोटो काढू नका.

पहाटे सहाला मठातली प्रार्थना. समजणार काहीच नाही, अशी मनाची तयारी करून बसलो होतो. शेवटी शेवटी शब्द कानावर आले: ग्यातेई ग्यातेई, हारा ग्यातेई, हारासो ग्यातेई, बोजि सोवाका. संस्कृतचे गुरुजी हळूच म्हणाले, "गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा." अंगावर काटा आला. बाहेर समाध्यांमागच्या लाकडी पट्ट्यांवर सिद्धम् लिपीतली अक्षरे दिसतात, ती लिपी ब्राह्मीच्याच कुळातली. 'अ' या अक्षरावर ध्यान करायची पद्धत इथे आजही शिकवतात. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. 2015 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचे अनावरण केले. तिथे जायला आम्हाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली, म्हणून तुम्ही निघायची बस दुपारची घ्या.

हिरोशिमाला संग्रहालयासाठी निदान तीन तास द्या आणि त्याच दिवशी दुसरे काही ठेवू नका. 6 ऑगस्ट 1945, सकाळी 8:15 ला थांबलेली घड्याळे आणि मुलांचे जळालेले कपडे बघून बाहेर आल्यावर आमच्यातले कोणी बराच वेळ बोलले नाही. जवळचे मियाजिमा बेट दुसऱ्या दिवशी करा. बोट दहा मिनिटांत पोहोचते, आणि पाण्यातली कमान भरतीला बघायची की ओहोटीला तिच्यापर्यंत चालत जायचे, ते वेळापत्रक पाहून ठरवा.

कोयासानच्या मठांत पानांच्या हंगामात खोल्या लवकर संपतात. आमच्या सोळा जणांना एकाच मठात जागा मिळाली, कारण आम्ही मार्चमध्येच नोंदणी केली होती. रोख येन जवळ ठेवा, आणि क्योटोतून निघताना मोठ्या बॅगा थेट हिरोशिमाच्या हॉटेलवर पाठवून द्या.