बॅचचे सगळे पुढे गेले, मी उंदीरच मोजतेय

परवा आमच्या लॅबमधली एक मुलगी हेच म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. मी काय बोलणार, कॉफी पुढे केली.

इकडे अमेरिकेत एमडी-पीएचडी, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधन अशा दोन्ही पदव्या एकत्र, हा साधारण ८ वर्षांचा संसार. आधी २ वर्षं मेडिकल स्कूल, मग ४-५ वर्षं पीएचडी, आणि मग परत वॉर्डात. एनआयएचने (इथली सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) १९६४ साली एमएसटीपी नावाच्या योजनेतून याला पैसे द्यायला सुरुवात केली, फी माफ आणि वर स्टायपेंड, त्यामुळे आपल्याकडच्या नातेवाईकांना वाटतं की पोरीची लॉटरी लागली (आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "मग डॉक्टर कधी होणार?").

खरा त्रास परत जाताना होतो. ४ वर्षं पिपेट धरलेल्या हाताला स्टेथोस्कोप परका वाटतो, ज्युनिअर पोरं पटापट उत्तरं देतात, आणि आपल्याला साधा औषधाचा डोस आठवत नाही. म्हणून मी पोरांना पीएचडी चालू असतानाच महिन्यातून एक-दोन दुपारी क्लिनिकला पिटाळते, मग गाईडने कितीही तोंड वाकडं केलं तरी!

आणि लॅब निवडताना प्रोजेक्टपेक्षा माणूस बघा, आधीची पोरं किती वर्षांत सुटली ते त्यांनाच गाठून विचारा. मी नव्हतं विचारलं. पीएचडीलाच ६ वर्षं लागली मला.

ती मुलगी कॉफी संपवून उठली, म्हणाली, मॅडम, उंदरांना खायला घालायचंय.