दोन लाडवांची उचल

आमच्या ग्रुपचा कार्यक्रम तसा ठरलेला असतो. महिन्यातून एक रविवार, पाच-सहा जण, कुठल्यातरी मुलांबरोबर काहीतरी खायचं करायचं. भेळ, लिंबू सरबत, काकडी-टोमॅटोचं सँडविच, असलं. म्हणजे गॅस नको, तेल तापवणं नको. सोसायटीतल्या मुलांबरोबर चार-पाच वेळा केलं होतं आणि तिथे काकडी कापायला सुरी दिली तरी आया मागे उभ्या राहून हाय हाय करायच्या, त्यामुळे आम्ही नियमांचा एक कागदच बनवून ठेवलेला. सुरीला मोठ्यांनीच हात लावायचा, विस्तवाजवळ जायचं नाही, हात धुतल्याशिवाय काही उचलायचं नाही वगैरे.

तर जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, कराडच्या पुढं ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जायचं ठरलं. शेंगदाण्याचे आणि तिळाचे लाडू. 3 किलो शेंगदाणे, 2 किलो गूळ, 1 किलो तीळ. शेंगदाणे भाजून, सोलून, घरच्या मिक्सरमधून कूट करून नेले कारण तिथे बारकी पोरं असणार, अख्खा दाणा घशात अडकायची भीती. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते का कुणाला हे आधी विचारायचं की नाही यावर आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तासभर चर्चा झाली, ते आता आठवलं की हसू येतं.

पोचलो साडेनऊला. मोठी माणसं पहाटे चारलाच उसाच्या फडात गेलेली. कोपी म्हणजे काय हे ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, बांबू वाकवून त्यावर चटई, ताडपत्री, उसाचं पाचट असं टाकून केलेली झोपडी, आत वाकूनच जायचं. अशा वीसेक कोप्या, मधे मोकळी जागा, एका बाजूला बैलगाड्यांचे सांगाडे, आणि मागे राहिलेल्या एक म्हाताऱ्या आजी आणि पोरंच पोरं. मोजली तर 34. बहुतेक बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणीकडची. दिवाळीच्या आसपास मुकादमाबरोबर, म्हणजे मजूर जमवून आणणाऱ्या ठेकेदाराबरोबर यायचं आणि मार्च-एप्रिलमधे कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं की परत, त्यामुळे शाळेचं वर्ष बरोबर मधोमध तुटतं. एक मुलगा गेल्या वर्षी गावाकडे हंगामी वसतिगृहात होता म्हणे, यावर्षी धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नाही म्हणून इकडे आणला.

मी सगळ्यांना गोल बसवलं आणि नियमांचा कागद वाचायला घेतला. सुरीला हात लावायचा नाही म्हटल्यावर दोन-तीन पोरी खुदकन हसल्या. विस्तवाजवळ जायचं नाही म्हटल्यावर सगळेच हसायला लागले, आणि मला कळेना काय झालं. मग कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ घेऊन उभी असलेली एक मुलगी, असेल दहा वर्षांची, म्हणाली, "ताई, मी आज बारा भाकरी केल्यात." आणि मागे बोट दाखवलं, तीन दगडांच्या चुलीत राख अजून गरम होती. आई चारला जाते, पीठ मळून ठेवते, उरलेल्या भाकरी हिच्या. मी कागद घडी घालून पर्समधे टाकला.

खरी फजिती त्यानंतर झाली. लाडू वळेचनात! कूट आणि किसलेला गूळ परातीत एकत्र केलं, मूठ दाबली की लाडू होतो, मूठ उघडली की भुगा. थंडीने गूळ पण कडक झालेला. आमच्यातली एक म्हणाली तूप घालू, तूप आणलंच नव्हतं. दुसरी म्हणे पाण्याचा हबका मारा, म्हणजे दोन दिवसांत बुरशी. 34 पोरं टक लावून बघतायत आणि आम्ही पाच शिकलीसवरलेली माणसं भुग्याशी झटतोय. तेव्हा तीच भाकरीवाली बाळ दुसरीच्या कडेवर देऊन पुढं आली, चिमूटभर कूट बोटांत चोळून बघितला आणि म्हणाली, "हे नुसतं बारीक केलंय. तेल सुटस्तोर कुटावं लागतंय."

बरोबरच होतं की! मिक्सर गरम होऊ नये म्हणून मी थांबत थांबत फिरवलेला, त्यामुळे कूट कोरडा राहिला. आमटीत घालायला तो छान, पण लाडवाला दाण्याचं तेल सुटून गुळात मुरायला पाहिजे, तेच तर त्याला धरून ठेवतं. हे माझ्या आईनेही मला शंभरदा सांगितलं असेल. भाकरीवाली आत जाऊन एक खोलगट दगड आणि बत्ता घेऊन आली, आणखी दोघींनी आपापल्या कोपीतून आणले, आणि कुटाई सुरू झाली. मी पण बसले, तर पाच मिनिटांत "ताई तुम्ही लई हळू कुटायलात, सरका" म्हणून मला उठवलं. दहा मिनिटांत कूट तेलकट होऊन दगडाला चिकटायला लागला, गूळ त्यातच ठेचला, आणि लाडू असा वळला म्हणता, गुळगुळीत.

पहिला लाडू मान म्हणून मला दिला. खाल्ला आणि डोळ्यांतून पाणीच आलं. त्या दगडावर सकाळी ठेचा झालेला! वरवर पुसलेला, पण लसूण-मिरची काय अशी जाते होय. आम्ही नेलेल्या पाण्याच्या कॅनमधलं पाणी घेऊन दगड घासून धुतले, पण पहिल्या घाण्याचे लाडू तिखटगोडच राहिले आणि पोरांना तेच जास्त आवडले, हे पण सांगायला पाहिजे.

एका पोराने गुळाचा खडा हातात घेऊन विचारलं, हा आपल्या उसाचा का? म्हटलं नाही रे, तुमचा ऊस कारखान्यात जातो, त्याची साखर होते, गूळ गुऱ्हाळातला. त्याने खडा उलटसुलट करून बघितला आणि तोंडात टाकला, विषय संपला.

आमच्यातली एकजण भाकरीवालीचा व्हिडिओ काढायला लागली, "बघा एवढ्याशा वयात किती हुशार" असं वर बोलत. मी तिला थांबवलं. थोडी वादावादी झाली आमची, गाडीत पुन्हा झाली. कौतुक करायला मला पण आवडतं, पण दहा वर्षांची पोर बाळ कडेवर घेऊन पहाटे भाकरी थापते याला छान म्हणायला माझी जीभ रेटेना. शिकवायला तर आमच्याकडे काही नव्हतंच. एवढंच दिसत होतं की यांनी रांधलंय रोज, पण खाण्याच्या वस्तूशी खेळलेली नाहीत. तिळाच्या लाडवांना मी मुद्दाम म्हटलं, गोल नका करू, काय वाटेल ते करा. आधी कुणी हात लावेना. मग एकाने बैल केला, तिळाचे डोळे लावून. मग ट्रॅक्टर, कोयता, मोळी, आणि एकीने चपटी भाकरी केली आणि खोटीखोटी भाजली.

वाटायची वेळ आली. मी बँकेत काम करते, हिशेब माझ्याकडे. दोनशेच्या वर लाडू झालेले, मी माणशी भागाकार करत बसले तर भाकरीवाली म्हणाली कोयत्यावर मोजा. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. सतरा कोयते, कोयत्यामागे सहा बाजूला काढले, उरलेल्यातले पोरांना तीन-तीन, आजीला जास्तीचे. माझा मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर उघडायच्या आत झालं.

तेवढ्यात बैलवाला पोरगा, वय आठ असेल, टॉवेल खांद्यावर टाकून मुकादम झाला. एकेकाला बोलावून लाडू द्यायचा, "ही उचल घे, आता पळून जायचं नाही." बाकीची पोरं अंगठा उठवल्यासारखं करून घेत होती. आम्ही हसत होतो, पण जरा वेळाने हसू आपोआप कमी झालं. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेला ॲडव्हान्स, तो फिटेपर्यंत ऊस तोडायचा, नाही फिटला तर पुढच्या वर्षी परत यायचं. या पोरांना ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटी माझा नंबर आला. दोन लाडू हातावर ठेवले आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी यायचं."

मी म्हटलं, "अरे पुढच्या रविवारी नाही जमणार, महिन्याने येते."

"मग उचल परत दे."

एक मी तोवर खाल्ला होता. गेले मग पुढच्या रविवारी, जाताना घरचा खलबत्ता घेऊन.