नाशकात मशीद निवडताना: मराठी नवमुस्लिमांसाठी

‘आमची मशीद सुन्नी आहे,’ असं जुन्या नाशकात कुणी सांगितलं तर त्याचा अर्थ ‘शिया नाही’ एवढाच घेऊ नका. इथल्या बोलण्यात सुन्नी म्हणजे बहुतेक वेळा बरेलवी: दर्ग्याला मानणारे, फातिहा आणि मिलाद करणारे, जुम्यानंतर (शुक्रवारच्या नमाजेनंतर) उभं राहून पैगंबरांवर सलाम पढणारे. देवबंदी आणि अहले हदीस या दुसऱ्या दोन वळणांचे लोकही स्वतःला सुन्नीच म्हणवतात आणि ग्रंथांच्या हिशेबाने तेही बरोबरच आहेत. नव्याने कलमा पढलेल्या मराठी माणसाचा पहिला गोंधळ या शब्दावर होतो, दुसरा ‘जमात’वर. ‘जमातला किती वेळ आहे?’ म्हणजे नमाज उभी राहायला किती वेळ आहे. ‘तो आमच्या जमातीचा’ म्हणजे बागवान, पिंजारी, अत्तार, कोकणी अशा बिरादरीचा. आणि ‘मशिदीत जमात आली आहे’ म्हणजे तबलीगचे (दीनच्या प्रचारासाठी फिरणारे) लोक तीन दिवस किंवा चाळीस दिवसांसाठी घर सोडून निघालेत आणि इथे मुक्कामाला आहेत. एकाच संध्याकाळी तिन्ही अर्थ कानावर पडू शकतात.

मशीद निवडण्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. रोजची मशीद, जुम्याची मशीद आणि शिकण्याची जागा या तिन्ही एकच असल्या पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. रोजची मशीद अंतरावर ठरवा. पंचवटीत राहणाऱ्याने फजरसाठी (पहाटेच्या नमाजेसाठी) रोज पूल ओलांडून दूध बाजारात जायचं ठरवलं किंवा नाशिकरोडच्या माणसाने आठ-नऊ किलोमीटर गाडी मारून जुन्या नाशकातली ‘चांगली’ मशीद धरली, तर पहिल्या पावसाळ्यातच ते बंद पडतं. पायी दहा-बारा मिनिटांच्या आत जी आहे तीच रोजची. शिकायला मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं तरी जा, कारण ते आठवड्यातून दोनदाच करायचं असतं.

कुठलीही मशीद पसंत-नापसंत करण्याआधी तिथे एका आठवड्यात चार नमाजा पढा: एक मगरिब (सूर्यास्तानंतरची), एक इशा (रात्रीची), एक फजर आणि एक जुमा. सुरुवात मगरिबने करा. तीन रकाती (नमाजेची आवर्तनं), पहिल्या दोन मोठ्या आवाजात, सुरा बहुधा लहान, आणि वेळ सूर्यास्ताला बांधलेली असल्यामुळे घड्याळाचा वाद नाही. जोहर (दुपारची) आणि असरमध्ये (तिसऱ्या प्रहरची) इमाम मनात पढतात, त्यामुळे नवख्याला कानाने काही धरता येत नाही. बाजूच्याकडे बघत बसावं लागतं आणि चुका तिथेच होतात. इशानंतर लोक पाच-दहा मिनिटं रेंगाळतात, कोण कसा बोलतो ते तेव्हा कळतं. फजरला जे दिसतात ते त्या मशिदीचे खरे लोक. जुम्याच्या गर्दीवरून मशिदीची पारख करू नये, त्या दिवशी सगळ्याच मशिदी भरतात.

मशीद कुठल्या मसलकची (वळणाची) आहे हे कुणाला विचारावं लागत नाही, पाहिलं की कळतं. अजानच्या आधी लाऊडस्पीकरवर दरूद पढला जातो का? इकामत (जमात उभी राहताना दिली जाणारी हाक) सुरू झाल्यावर लोक बसून राहतात आणि ‘हय्य अलल फलाह’च्या सुमाराला उठतात का? असं असेल तर बरेलवी. तिथे इकामतच्या पहिल्या शब्दाला तुम्ही एकटेच उठून उभे राहिलात तर कुणीतरी हात धरून खाली बसवेल. रागाने नव्हे, त्यांची रीतच तशी आहे. इकामतला सगळे उठतात, आमीन मनात म्हणतात, हात बेंबीखाली बांधतात आणि नमाजेनंतर थोडा वेळ पुस्तक वाचून दाखवलं जातं, ती देवबंदी किंवा तबलीगी वळणाची. आमीन मोठ्याने घुमते, रुकूला (कमरेत वाकायला) जाताना-उठताना हात खांद्यापर्यंत उचलले जातात, हात छातीवर असतात आणि बाजूचा पायाला पाय भिडवतो, ती अहले हदीसची. शाफई, म्हणजे इमाम शाफईंची पद्धत पाळणारे, तेसुद्धा हात उचलतात आणि आमीन मोठ्याने म्हणतात. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर उभ्याने कुनूत ही दुआ पढली जाते, तिथे ओळख पटते.

हे सगळं एवढं सविस्तर सांगण्याचं कारण मोबाइल आहे. बहुतेक नवमुस्लिम नमाज व्हिडिओवरून शिकतात आणि ते व्हिडिओ अनेकदा अरब पद्धतीचे असतात. तसा हात उचलणारा माणूस हनफी (म्हणजे बरेलवी किंवा देवबंदी) मशिदीत गेला की सलाम फिरवल्याबरोबर कुणी चाचा सांगतात, ‘बेटा, ऐसा नहीं करते.’ दुसऱ्या आठवड्यात तोच माणूस अहले हदीस मशिदीत हात न उचलता पढतो आणि तिथेही तेच ऐकतो. त्याला वाटतं आपली नमाज झालीच नाही. झाली आहे. या फरकांनी नमाज बाद होत नाही. पहिलं वर्षभर एकच पद्धत धरा, रोजच्या मशिदीत जी चालते ती, आणि वादात पडू नका. तुम्हाला अजून अत्तहियात (नमाजेत बसून पढायची दुआ) पाठ करायची आहे. कुणाच्या मागे नमाज होते आणि कुणाच्या मागे होत नाही, हा निवाडा तुमच्याकडे कुणी मागितलेला नाही.

मशिदीतल्या नमाजेच्या वेळांच्या फळ्यावर दोन रकाने असतात, अजान आणि जमात. दुसरा पाहायचा. असरची वेळ नीट पाहा, कारण मोठा फरक तिथे आहे. हनफी हिशेबाने वस्तूची सावली तिच्या दुप्पट झाली की असर. शाफई आणि अहले हदीस हिशेबाने एकपट झाली की असर. नाशकात हा फरक हिवाळ्यात साधारण पाऊण तासाचा, उन्हाळ्यात सव्वा तासाच्या आसपास जातो. मोबाइलमधलं ॲप हनफीवर आहे की नाही हे तपासलं नाही तर जमातच्या तासभर आधी जाऊन बसाल. जुन्या नाशकात कोकणीपुरा आहे आणि कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, पण मोहल्ल्याच्या नावावरून मशिदीचा अंदाज बांधू नका, फळा वाचा. जोहरबद्दलही एक: नाशकात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, ऋतूप्रमाणे साधारण १२.२० ते १२.५० च्या दरम्यान. जेवणाची सुट्टी बाराला होत असेल तर तेव्हा जोहरची वेळ झालेली नसते.

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्याला जुम्याचा हिशेब मिनिटांत करावा लागतो. हनफी मशिदीत आधी उर्दू बयान (भाषण) होतं, मग दुसरी अजान, मग अरबी खुतबा (जुम्याचं प्रवचन), मग दोन रकात फर्ज (सक्तीची नमाज). बयान चुकलं तरी जुमा होतो. खुतब्याच्या आत पोहोचायचं, आणि खुतबा चालू असताना एक शब्दही बोलायचा नाही, बाजूच्याला ‘गप्प’ म्हणायचंसुद्धा नाही. खुतबा आणि फर्ज मिळून वीस-पंचवीस मिनिटं धरा, वुजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं) कंपनीतच करून निघा. अहले हदीस मशिदीत वेगळं बयान बहुधा नसतं, खुतबाच उर्दूत होतो. तिथे उशीर केला तर ऐकण्यासारखं सगळंच हुकतं. जुन्या नाशकातल्या मशिदीत जुम्याला गाडी आत घालू नका, सारडा सर्कलच्या बाजूला सोडून चालत जा. इतर दिवशी कारखान्यातच पढायची वेळ आली तर किब्ला पश्चिमेपासून उत्तरेकडे आठ-नऊ अंश. होकायंत्रावर साधारण २७९.

आता भाषा. भाजीचा भाव अस्सल नाशिकी मराठीत सांगणारा माणूस मशिदीची पायरी चढला की उर्दूत बोलायला लागतो. हा परकेपणा नाही, दीनचे शब्द त्याच्या घरी त्याच भाषेत आले आहेत. त्याच्याशी मराठीत बोला, तो मराठीतच उत्तर देईल. आधी तुम्हीच मोडक्या हिंदीत सुरुवात केली तर मात्र दोघंही तिथेच अडकाल. मालेगावहून आलेल्या इमामांची उर्दू शुद्ध आणि वेगवान असते, उत्तर प्रदेश-बिहारकडच्या इमामांची आणखी वेगळी. बयानातलं निम्मं कळलं नाही म्हणून मशीद सोडू नका. वीस-पंचवीस शब्द पक्के झाले की कान उघडतो: आखिरत, सवाब, गुनाह, तौबा, हलाल, वाजिब, सुन्नत, नफिल, उम्मत, सब्र, शुक्र, मगफिरत, हिदायत. घरी वाचायला कुरआनचं मराठी भाषांतर मिळतं, ते घ्या आणि जुम्याला इमामांनी कुठली सुरा घेतली ते विचारून तेवढाच भाग रात्री वाचा.

अरबी मात्र देवनागरीतून पाठ करू नका. सुरुवातीला आधार म्हणून ठीक, पण दोन-तीन महिन्यांत सोडा. देवनागरीत ‘स’ एक आहे, अरबीत त्या जागी तीन अक्षरं आहेत. मराठी तोंडाला ‘ज’चे दोन उच्चार येतात, पण कुरआनातला ‘ज़’ त्या दोन्हींपैकी एकही नाही. ‘क’चे दोन प्रकार तर सांभाळायलाच हवेत: घशातून काढलेलं ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, साधं ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. हे कागदावर दुरुस्त होत नाही, समोर बसून तोंड पाहावं लागतं. म्हणून माझ्या मते शिकण्यासाठी मशीद निवडण्याची खरी कसोटी एकच: आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं तुमच्यासमोर कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) उघडून बसणारा माणूस तिथे आहे का? तो इमाम असेल, मुअज्जिन असेल, मक्तबचे (मुलांच्या कुरआन-वर्गाचे) हाफिजसाहेब असतील. मशिदीचा संगमरवर, एसी, हौज या गोष्टी त्यानंतर.

स्त्रियांची अडचण वेगळी आणि जास्त कठीण आहे. बहुतेक मशिदींत त्यांच्यासाठी जागाच नसते. पुण्याच्या एका दाम्पत्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात स्त्रियांना मशिदीत नमाजेची मुभा असल्याचं सांगितलं. मुभा असणं आणि प्रत्यक्षात स्त्रियांसाठी वुजूखाना असणं यांत अंतर आहे. अहले हदीस मशिदींत आणि काही नव्या मशिदींत वेगळा जिना व वेगळी जागा असते. जाण्याआधी फोन करून दरवाजा कुठल्या बाजूला आहे आणि त्या दिवशी तो उघडा असेल का, हे विचारा. नसेलच तर मोहल्ल्यातला बायकांचा इज्तेमा (धार्मिक बैठक) शोधा. कायदा शिकवणाऱ्या आपा तिथेच भेटतात आणि एकट्या नवमुस्लिम बाईला मशिदीपेक्षा त्या घरांचा आधार मोठा असतो.

दाऊदी बोहरांची मशीद दिसली आणि सुंदर वाटली तरी तिथे रोजच्या नमाजेची अपेक्षा धरू नका. त्यांची जमात आतून बांधलेली आहे, त्यांचा धर्मगुरू, भाषा आणि नमाजेची रीत वेगळी आहे.

बिरादरी हा विषय लोक टाळतात. नमाजेच्या रांगेत कुणी तुमची जात विचारणार नाही. निकाहच्या आणि दफनच्या वेळी मात्र ‘कुठल्या जमातचे’ हा प्रश्न येतो, कारण नोंदवही, वर्गणी आणि कब्रस्तानची व्यवस्था अनेक ठिकाणी त्या त्या जमातीकडे असते. म्हणून रोजच्या मशिदीच्या विश्वस्तांकडे सहा-आठ महिन्यांत नाव नोंदवा, महिन्याची वर्गणी थोडी का होईना सुरू करा आणि पावती जपून ठेवा. घरचे मुस्लिम नसतील तर दफनबद्दलची इच्छा कागदावर लिहून एक प्रत मशिदीत, एक घरच्यांपैकी समजूतदार माणसाकडे द्या. इमाम स्वखुशीचं प्रतिज्ञापत्र मागतात, त्याने दुखावू नका. त्यांना उद्या पोलिसांसमोर उत्तर द्यावं लागू शकतं. मात्र राजपत्रात नाव आणि धर्म बदलण्याची घाई कुणाच्या सांगण्यावरून करू नका. अर्थ वाईट नसेल तर नाव बदलणं दीनमध्ये सक्तीचं नाही. आणि अनुसूचित जातीचा दाखला असेल तर १९५० च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. कागद करण्याआधी वकिलाशी बसा.

पहिल्या दिवशी इशानंतर इमामसाहेबांकडे जाऊन सरळ सांगा: ‘मी नवा मुसलमान आहे, मराठी आहे, कायदा शिकायचा आहे, आठवड्यातून दोन दिवस वीस मिनिटं मिळतील का?’ उत्तर ‘या’ असेल तर दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन वेळेवर जा. ‘फी किती’ असं विचारू नका, तो शब्द तिथे टोचतो. महिना झाला की जमेल तेवढा हदिया (भेट) पाकिटात घालून, मुसाफा (हस्तांदोलन) करताना हातात द्या. आणि महिनाभर ‘कल बैठेंगे’ असंच ऐकू आलं, तर मनात कडवटपणा न ठेवता शिकण्यासाठी दुसरी मशीद पाहा. फजर मात्र त्याच मशिदीत, त्याच रांगेत पढत राहा.