फाइलमधली सवलत वर्गात येईना

घटक चाचणीच्या दिवशी इतिहासाच्या मॅडम उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये आल्या, तेव्हा मी सहज विचारलं, "त्याला जादा वेळ दिलात ना?"

"त्यानं मागितलाच नाही," त्या म्हणाल्या.

मी शाळेत विशेष शिक्षिका आहे. या मुलाला डिसलेक्सिया (वाचण्यातली अडचण) आणि डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) आहे. तपासणी झाली, अहवाल आला, सवलती ठरल्या: लेखी परीक्षेत पंचवीस टक्के जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणं, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील नोट्स. सह्या, शिक्के, सगळं जागच्या जागी. फाइल ऑफिसच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली क्लार्ककडे. वर्षाच्या सुरुवातीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलंही होतं, पण सगळे घड्याळाकडे बघत असताना.

मी त्याची उत्तरपत्रिका मागून घेतली. पहिल्या पानावर अक्षरं रेघेला धरून होती, शब्दांमध्ये अंतर होतं. दुसऱ्या पानाच्या मध्यापासून ओळी खाली घसरत गेलेल्या, शब्द एकमेकांत घुसलेले, 'क्रांती' तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी. प्रत्येकीखाली लाल रेघ. शेवटचे दोन प्रश्न कोरे.

मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्यात गाठलं आणि त्यातला एक कोरा प्रश्न तोंडी विचारला: फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं सांग. राजाचा खजिना रिकामा, पिकं बुडाली, पाव महागला, सरदार आणि धर्मगुरूंना सूट आणि कराचं ओझं सामान्यांवर. श्वास न घेता सांगितलं. "मग जादा वेळ का नाही मागितलास?" त्यानं बुटाकडे बघत म्हटलं, "सगळे बघतात."

या वयाचं मूल भर वर्गात उठून 'मला जास्त वेळ हवा' म्हणत नाही. म्हणजे मागण्यावर अवलंबून असलेली सवलत ही नसल्यातच जमा.

हे स्टाफरूममध्ये बोलले तर गणिताचे सर उसळले. "ही हल्लीची खुळं आहेत हो. आमच्या वेळी असं काही नव्हतं." मी त्यांना १८९६ ची गोष्ट सांगितली. प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. मुलाला वाचता येत नव्हतं, पण त्याच्या मास्तरांचं मत असं, की शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. सर क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "आणि बाकीच्यांवर अन्याय?" खरं तर ज्याला प्रत्येक अक्षर वळवतानाच सगळं लक्ष खर्ची घालावं लागतं, त्याच्या इतिहासाची परीक्षा होतच नाही, हाताची होते. सरांना हे पटलं नाही. पटायलाच हवं असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात स्पष्ट आहे, की वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे. शिक्षकाच्या मर्जीवर सोडायची ही गोष्ट नव्हे.

इतिहासाच्या मॅडम मात्र नंतर एकट्या भेटल्या. "अहो, मी देईन की वेळ. पण घंटा झाली की पुढच्या तासाचे सर दारात उभे. मी या पोराला बसवू कुठे?" इथे खरी मेख होती. जादा वेळ आम्ही कागदावर दिला होता, वेळापत्रकात दिलाच नव्हता. मनाची आडकाठी म्हणून आपण ज्याच्याशी भांडतो, ते बरेचदा खोली आणि घंटेचं दुखणं असतं.

त्याच दुपारी मी मुख्याध्यापकांपुढे बसले. त्याचे लेखी पेपर माझ्या खोलीत होतील, तो पंधरा मिनिटं आधी सुरू करेल, प्रश्न मी वाचून दाखवेन, हे ठरवून घेतलं. अहवालाची पानं बाजूला ठेवून प्रत्येक शिक्षकासाठी एकच पान लिहिलं, त्यांच्या विषयापुरतं. 'मोठ्यानं वाचायला त्याला अचानक उठवू नका.' 'नोट्स तास सुरू होतानाच द्या.' 'त्यानं मागायची वाट बघू नका.' 'डिसग्राफिया' हा शब्द त्यात एकदाही नव्हता. पान हातात देऊन सही घेतली. सहीवरून थोडी कुरकुर झाली, पण सही असली की 'मला कुणी सांगितलंच नाही' हे म्हणता येत नाही.

इतिहासाचा पेपर तोंडी पुन्हा घ्यायला मॅडम आपणहून तयार झाल्या. गणिताच्या सरांनी पुढच्या चाचणीला मुलाला माझ्याकडे पाठवलं खरं, पण उत्तरपत्रिकेवर लाल शाईत शेरा मारला: 'जादा वेळ घेऊन सोडवला.' तो शेरा खोडायचा की नाही, यावरून सध्या आमची जुंपली आहे.