रालुआनाचे जॉर्ज तेलेक

घरून फोन आला की आधी ज्वालामुखीची चौकशी होते, मग भाजीपाल्याची. गाण्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही, आणि इथून सांगण्यासारखं माझ्याकडे सगळ्यात जास्त तेच आहे. म्हणून आज फक्त इथले गायक जॉर्ज तेलेक.

मी राहते ते कोकोपो पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटाच्या ईशान्य टोकाला आहे. इथली माणसं तोलाई, त्यांची भाषा कुआनुआ. देशात आठशेच्या वर भाषा असल्यामुळे बाहेरगावच्या माणसाशी बोलायला टोक पिसिन वापरतात. तेलेक या दोन्ही भाषांत गातात. त्यांचा जन्म १९५९चा. गाव रालुआना, कोकोपोपासून जवळच, समुद्राच्या काठी. पीएमव्ही, म्हणजे आपली वडाप, तिच्यात बसलं की कधी ना कधी त्यांचा आवाज कानावर पडतोच. उंच पट्टीतला, किंचित खरखरीत, मागे आणखी दोन-तीन पुरुषांचे आवाज त्याला धरून चाललेले.

जुनं आणि नवं एकत्र आणणारे गायक अशी त्यांची बाहेर ओळख आहे. ती खरीच आहे. पण इथे राहायला लागल्यावर कळतं की जुनं म्हणून जे आहे ते कुणीही यावं आणि उचलून न्यावं असं पडून राहिलेलं नाही. तोलाई समाजात गाण्याला मालक असतो. जमीन आईच्या कुळाकडून येते, मामाचा शब्द मोठा असतो, आणि नाच-गाण्याचे हक्कही असेच ठरलेले असतात. दुसऱ्याचा नाच हवा असेल तर ताबू मोजावा लागतो. ताबू म्हणजे वेताच्या काडीवर ओवलेल्या बारीक शिंपल्यांचं चलन. लग्नात, मयताच्या विधीत आजही ते चालतं, बाजारात त्याच्या माळा मी स्वतः पाहिल्या आहेत. नवं गाणं रचण्याचं काम जाणकारांकडे असतं, त्यांना टेना बुआई म्हणतात. उपास, एकांत, विधी करून ते पूर्वजांच्या आणि आत्म्यांच्या जगाकडून सूर आणि नाच मिळवतात, पुष्कळदा स्वप्नात. तुबुआन या पुरुषांच्या गुप्त मंडळाच्या मुखवट्यांशी जोडलेलं बरंच काही तर दीक्षा न घेतलेल्याला कळूही देत नाहीत. मला ते कळणार नाही, आणि कळावं असा माझा आग्रहही नाही.

तेलेक या सगळ्याच्या आत वाढले. त्यामुळे कोणती चाल गिटारवर घ्यायची, कोणती गावातच राहू द्यायची, हा त्यांच्यासाठी आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. तिथे नाती आहेत, देणंघेणं आहे. त्यांची गाणी ऐकताना मला ही जबाबदारी ऐकू येते, आणि त्यांच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट मला तीच वाटते.

पण नुसतं जुनं आणि नवं असे दोनच थर इथे नाहीत. १८७५ साली जॉर्ज ब्राऊन हे मेथडिस्ट मिशनरी फिजीच्या शिक्षकांना घेऊन इथल्या बेटांवर उतरले. मग कुआनुआत भजनं आली, चर्चमध्ये कित्येक आवाजांत एकत्र गायची सवय आली. रविवारी सकाळी चर्चबाहेरच्या झाडाखाली उभं राहून नुसतं ऐकावं! दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे गिटार आणि युकुलेले पोचले, त्यातून स्ट्रिंगबँड उभे राहिले. गावागावानं गिटारच्या तारा आपापल्या पद्धतीनं लावल्या, आणि कानाला सवय झालेला माणूस त्या लावण्यावरूनसुद्धा गाव ओळखू शकतो. म्हणजे तेलेक गाऊ लागले तेव्हा गिटारही इथलीच झालेली होती. मोआब स्ट्रिंगबँडमध्ये ते गावाच्या पद्धतीनं गायले, आणि पेनिम वोकसारख्या विजेच्या गिटारींच्या बँडमध्येही. राबाउल या तेव्हाच्या प्रांताच्या राजधानीतल्या पॅसिफिक गोल्ड स्टुडिओतून तेव्हा कॅसेट निघत आणि देशभर जात.

याच राबाउलला १९८०च्या दशकाच्या शेवटी मेलबर्नचा ‘नॉट ड्राऊनिंग, वेव्हिंग’ हा बँड आला. त्यांचे डेव्हिड ब्रायडी पुढे तेलेक यांचे वर्षानुवर्षांचे साथीदार झाले. मला त्या कामाची रीत आवडते. चार फिती ध्वनिमुद्रित करून घरी नेल्या आणि त्यावर आपलं संगीत चढवलं, असं त्यांनी केलं नाही. ते राबाउलमध्ये राहिले, तिथल्याच स्टुडिओत, तिथल्या वादकांबरोबर बसले. १९९०मध्ये निघालेल्या ‘ताबारान’ या अल्बमवर राबाउलच्या वादकांचं नाव बँडच्या नावाशेजारी आहे. कुंडू या हातातल्या ढोलाचा ठोका, पोकळ ओंडक्याच्या गारामुटचा घुमारा, पियानो, आणि मधोमध तेलेक.

त्यानंतर चारच वर्षांनी ते राबाउल गेलं. १९ सप्टेंबर १९९४ला ताव्हुर्व्हुर आणि व्हल्कन हे खाडीच्या दोन बाजूंचे ज्वालामुखी एकाच दिवशी जागे झाले. आदल्या रात्री भूकंपाचे धक्के वाढले तसे लोक बाहेर पडले होते. १९८०च्या दशकात झालेली तयारी कामी आली आणि माणसं फार थोडी दगावली. पण राखेच्या भारानं छपरं खचली, बराचसा गाव गाडला गेला आणि प्रांताची राजधानी कोकोपोला हलली. जुन्या मँगो अव्हेन्यूवर आज फिरलात तर राखाडी मातीत एखादा जिना, एखादी भिंत दिसते. ताव्हुर्व्हुरच्या पायथ्याशी ऊन वाळू उकरून रानपक्ष्यांची अंडी काढणारी माणसं मात्र आहेत. आमच्या इथल्या वयस्कर शेजारीणबाईंचं तरुणपण त्या गावात गेलं. ‘ताबारान’ लावला की त्या हातातलं काम थांबवतात, आणि कोणत्या गाण्यात कोणाचा आवाज आहे ते मला सांगत बसतात.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते, कारण तो कुठेही वाचायला मिळेल. ‘तेलेक’ या स्वतःच्या नावाच्या अल्बमला १९९७मध्ये ऑस्ट्रेलियाचा आरिया हा संगीत पुरस्कार मिळाला. २०००मध्ये ‘सीरियस ताम’ हा अल्बम पीटर गॅब्रिएल यांच्या रिअल वर्ल्ड कंपनीनं काढला. परदेशातले मोठे महोत्सव झाले, एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. शेजारच्या पश्चिम पापुआतल्या लोकांसाठीही ते गायले. आणि हे सगळं करून ते राहिले रालुआनातच. सिडनी-मेलबर्नला घर करणं त्यांना अशक्य होतं असं मला वाटत नाही. पण गाणं जिथल्या नात्यांवर उभं आहे तिथून उठून गेल्यावर ते कशावर उभं राहणार?

‘अ बित ना ता’ या कामाबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. २०१६मध्ये ब्रिस्बेनच्या कलादालनात पापुआ न्यू गिनीच्या कलेचं मोठं प्रदर्शन झालं. त्यासाठी तेलेक, ब्रायडी आणि तोलाई इतिहासकार गिडिऑन काकाबिन यांनी १८७५ ते १९७५ या शंभर वर्षांचा तोलाई इतिहास गाण्यांतून आणि पडद्यावरच्या चित्रांतून मांडला. मिशनरी, जर्मन, ऑस्ट्रेलियन, जपानी, मग स्वातंत्र्य. आणि हे सारं ज्यांच्यावरून गेलं त्यांच्या गळ्यातून. गावोगावचे गायक, चर्चमधले गायक, स्ट्रिंगबँड, सगळे त्यात आहेत. तेलेक तिथे अनेकांतले एक होऊन गातात.

त्या शंभर वर्षांत आपलीही माणसं आहेत. जपान्यांनी राबाउलला मोठा तळ केला तेव्हा आग्नेय आशियात पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांना मजुरीसाठी इथे आणलं. कोकोपोजवळच्या बिटा पाका युद्धस्मशानात त्यांच्या खुणा आहेत, आणि ज्यांचं दहन झालं त्यांची नावं वेगळी कोरलेली आहेत. इथे आलेल्या भारतीयानं तिथे जाऊन यावं.

ऐकायचं असेल तर सुरुवात ‘ताबारान’पासून करा, मग ‘सीरियस ताम’ घ्या, आणि ‘अ बित ना ता’ सलग, मध्ये न थांबता. शब्द कळणार नाहीत, ते मलाही अजून अर्धेच कळतात. पहिल्या खेपेला तेलेक यांच्या आवाजाकडे लक्ष जाईल. दुसऱ्या खेपेला त्यांच्या मागच्या आवाजांकडे जरूर द्या. ती माणसं रालुआनाची आणि आजूबाजूच्या गावांची आहेत.