मळमळतंय, पण कुणाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न मला सव्वीस वर्षं विचारला जातोय. ही बाई कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते एवढं कळलं की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा जिलेबी मोडता मोडता विचारतो, "मग मॅडम, ‘मी’ म्हणजे नक्की कोण? आत्मा असतो की नसतो?" आणि उत्तर मठ्ठा वाढायला येईपर्यंत हवं असतं. पूर्वी मी "एकदा निवांत बसू" म्हणून सुटका करून घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून उलट विचारते, कुठल्या विभक्तीतला ‘मी’ म्हणताय?

आधी ऑपरेशनची गोष्ट. भूलतज्ज्ञांनी आकडे मोजायला सांगितले. सहापर्यंत मोजलेलं आठवतं. सातच्या जागी एकदम "काकू, डोळे उघडा!" असं ऐकू आलं. भिंतीवरच्या घड्याळात अडीच तास उलटले होते. उलटले हे घड्याळानं सांगितलं, मला त्यातलं काही जाणवलं नव्हतं. रात्री कितीही मेल्यासारखी झोपले तरी सकाळी मध्ये एक रात्र गेली असं वाटतं. इथे ‘सहा’ आणि ‘काकू’ एकमेकांना चिकटून होते. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा, "मळमळतंय."

सिस्टरनं "कुणाला?" असं विचारलं नाही. ट्रे आणला.

शाळेत व्याकरण घोकलेलं असेल तर आठवेल, याला भावकर्तृक क्रियापद म्हणतात. उजाडलं, सांजावलं, गडगडतंय, मळमळतंय. कर्ता शोधायला गेलं तर हाती लागत नाही, क्रियेचा भाव हाच कर्ता. गंमत अशी की युरोपात या एका मुद्द्यावर मोठं भांडण आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं 1637 साली लिहिलं की सगळ्यावर शंका घेता येते, पण शंका घेणाऱ्यावर येत नाही. मी विचार करतो, म्हणून मी आहे. पुढच्या शतकात गोटिंगेनचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक लिश्टेनबर्ग यानं आपल्या टिपणवहीत नोंदवलं की ‘मी विचार करतो’ हे जरा जास्तच झालं. जर्मनमध्ये वीज चमकली की कर्ता न सांगता नुसतं ‘चमकतंय’ अशा धर्तीचं बोलतात, तसं ‘विचार होतोय’ एवढंच म्हणावं. त्याला मराठी येत असतं तर उदाहरणासाठी आकाशात बघायची गरज पडली नसती. मळमळ पुरली असती.

अर्थात थोड्या वेळानं मीच "मला फार मळमळतंय हो" असं म्हणाले. म्हणजे ‘मला’ आलं, पण मागाहून आलं. तेव्हापासून मी ‘मी’ आणि ‘मला’ यांच्याकडे वेगवेगळं बघायला लागले. मी जेवले, मी पेपर तपासले, मी भांडले, यात प्रथमेतला ‘मी’ आहे, करणारा. पण भूक मला लागते, राग मला येतो, नाव मला आठवतं किंवा ऐन वेळी आठवत नाही, आणि देकार्तसाहेबांचा ज्यावर सगळा भरवसा, ते वाटणंसुद्धा आपण ‘मला वाटतं’ असंच म्हणतो. आतल्या आयुष्याचा बराचसा भाग मराठीत चतुर्थीत चालतो. करणारा तिथे नाहीच. ज्याच्याकडे या गोष्टी येतात असा कुणीतरी आहे.

आपल्याकडच्या सांख्य दर्शनवाल्यांनी नेमकं हेच म्हटलं होतं. त्यांचा पुरुष, म्हणजे आत्मा, साक्षी आहे, अकर्ता आहे, सगळी धावपळ प्रकृतीची, म्हणजे देह-मनासकट जड सृष्टीची. गीतेतलं ‘अहंकारविमूढात्मा कर्ताहमिति मन्यते’ आपल्याकडे बहुतेकांना पाठ असतं, आणि पाठ असूनही सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे प्रथमेतच बोलतात.

पण इथे थांबलं तर फसगत होते. ‘मला’ म्हणतो म्हणून तिथे कुणी बसलेलं आहे हे कशावरून? स्कॉटलंडच्या ह्यूम या तत्त्वज्ञानं 1739 साली आत डोकावून पाहिलं आणि लिहिलं की दर वेळी ऊन, गारवा, माया, द्वेष, दुःख असं काहीतरी हाताला लागतं, निखळ ‘मी’ कधीच सापडत नाही. ‘मी’ म्हणजे जाणिवांची मोळी. (पुढच्याच वर्षी परिशिष्टात त्यानं कबूल केलं की मोळी बांधणारा दोर काही आपल्याला सापडत नाही. असा प्रामाणिकपणा आमच्या धंद्यात दुर्मीळ.)

ह्यूमपेक्षा मला वसुबंधू जास्त आवडतो. चौथ्या-पाचव्या शतकातला बौद्ध पंडित. त्याच्या अभिधर्मकोशभाष्य या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात प्रतिपक्षी त्याला विचारतो, आत्मा नसेल तर आठवण कुणाची? वसुबंधू सरळ व्याकरणात शिरतो. ही षष्ठी तुम्ही कुठल्या अर्थानं वापरलीत? मालकीच्या. जशी? जशी चैत्र नावाच्या माणसाची गाय. बरं, चैत्र मालक कशामुळे? तर ओझं वाहायला न्यायची की दूध काढायचं, हे त्याच्या हातात आहे म्हणून. मग आठवणीचा मालक ती आठवण कुठे जुंपणार? ‘आठवण्याच्या कामी’ म्हटलं तर ते हास्यास्पद, कारण आठवण तीच आणि कामही तेच. शेवटी तो दाखवतो की मालक म्हणजे इथे फक्त कारण. आठवण ज्यातून उपजली तो आधीचा अनुभव, तोच तिचा धनी. चैत्रसुद्धा एक प्रवाहच. आपण ‘दिवा पुढे गेला’ म्हणतो, पण ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, तसंच. वर्गात हा उतारा घेतला की शेतकऱ्यांची पोरं पहिल्यांदा जागी व्हायची. गाय कुणाची यावरून कोर्टात जाता येतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

मग माझ्या अडीच तासांचं काय? वेदान्ती म्हणतात, गाढ झोपेतून उठलेला माणूस ‘सुखानं झोपलो, काही कळलं नाही’ असं सांगतो, म्हणजे न कळण्याला साक्षी असणारं कुणी आत जागं होतं. नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनवाल्यांना, हे मान्य नाही. त्यांच्या मते जाणीव हा आत्म्याचा येणारा-जाणारा गुण आहे, झोपेत तो नसतो. ‘काही कळलं नाही’ ही आठवण नव्हे, उठल्यावर केलेलं अनुमान. पंचवीस-तीस बॅचेसना मी दोन्ही बाजू तटस्थपणे शिकवल्या. त्या टेबलावरून उतरल्यापासून झोपेच्या बाबतीत मी नैयायिकांकडे झुकले आहे. मी घड्याळ पाहिलं आणि अनुमान केलं, याहून जास्त काही घडलं नाही. साक्षी असलाच, तर त्यालाही भूल दिली होती.

एक कबूल करायला हवं. मराठीत ‘मला वाटतं’ म्हणतात यावरून आत्म्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. चतुर्थीची ही ऐट नसलेल्या इंग्रजीत ह्यूम तिथे पोचला, आणि ती असलेल्या संस्कृतात उदयन या नैयायिकानं आत्म्याच्या बाजूनं अख्खा ग्रंथ लिहिला. व्याकरणाचा मला उपयोग झाला तो एवढाच, की माझी घासाघीस कुठे अडते ते कळलं. ‘मी केलं’ सोडायला मी तयार आहे, फारसं दुःख न होता. वसुबंधूनं ‘माझं’ काढून घेतलं तेही दिलं. ‘मला’ मात्र सुटत नाही. प्रवाह तर प्रवाह, पण मळमळ शेजारच्या खाटेवर न जाता याच प्रवाहात का आली? वसुबंधू म्हणेल, कारण तिचं कारण याच प्रवाहात होतं. बरोबर आहे. तरी पोटात ढवळत असताना हे उत्तर दुसऱ्या कुणाला तरी दिल्यासारखं वाटतं.

तुम्ही पुढचा प्रश्न विचाराल तो ठाऊक आहे. एकच एक ‘मी’ नसेल तर जबाबदारी कुणाची? मिलिंद या ग्रीक राजाला नागसेन या बौद्ध भिक्खूनं आंबे चोरणाऱ्याची गोष्ट सांगितली होती. चोर म्हणतो, मालकानं लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे, मग मी चोर कसा? राजालाही कबूल करावं लागलं की शिक्षा होणारच, कारण हे आंबे त्याच आंब्यापासून आलेले. ऑपरेशनच्या सकाळी संमतिपत्रावर मी सही केली होती, पुढे ती अडीच तासांची फट, आणि तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. बिलाच्या खिडकीतल्या मुलानं फाईलवरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेशंट तुम्हीच ना?"

मी "हो" म्हणाले. बिल ह्यांनी भरलं.