टायर कुठून खाल्ला ते आधी बघा

नवे टायर टाकायला गाडी लावण्याआधी जुन्या टायरची नक्षी नीट तपासा. ती कुठे झिजली आहे यावरून दोष हवेचा, अलाइनमेंटचा (चाकांच्या कोनांचा) की शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा, हे बहुतेक वेळा कळतं. मूळ दोष तसाच राहिला तर नवे टायरही तसेच खाल्ले जातात.

मधला पट्टा झिजलाय आणि कडा शाबूत आहेत, तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधे नक्षी उभी आहे, तर हवा कमी. (पुढच्या टायरच्या कडा जोरात वळणं घेण्यानेही झिजतात, तेही ध्यानात ठेवा.) दोन्हींत घातक कमी हवाच. तिच्यात वजन कडांवर जातं, टायरची भिंत प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त वाकते आणि तापते. वेगात, भरल्या गाडीत टायर फुटतो तो अनेकदा या उष्णतेमुळे.

हवा नजरेने किंवा लाथ मारून कळत नाही. रेडियल टायरची भिंत योग्य हवेतही खाली थोडी फुगलेली दिसते. हवेचा दाब मोजणारा स्वतःचा गेज ठेवा. आकडा घ्यायचा तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या किंवा इंधनाच्या झाकणामागच्या स्टिकरवरून, नाहीतर गाडीच्या पुस्तिकेतून. टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल आकडा ही टायरची मर्यादा असते, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. तो बघून हवा भरणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. स्टिकरवर बहुधा दोन आकडे असतात, कमी वजनाचा आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडेही वेगळे असू शकतात.

हे सगळे आकडे थंड टायरचे. म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर हळू चाललेली. लांब चालवल्यावर गेज सहज 4-5 पीएसआय (दाबाचं एकक) जास्त दाखवतो. ती वाढ धरूनच शिफारस ठरलेली असते, म्हणून गरम टायरमधली हवा सोडू नका. ऋतू बदलला की पुन्हा मोजा, तापमान 10 अंश सेल्सिअसने उतरलं तर दाब दीड-दोन पीएसआय घटतो. एकाच टायरची हवा वारंवार उतरत असेल तर व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा, गळती असेल तिथे बुडबुडे येतात.

एकच कड झिजली असेल तर संशय कॅम्बर (चाकाचा वरून आत किंवा बाहेर झुकाव) किंवा टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) यांवर. टो ओळखायला नक्षीवरून हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागलं, तर टो बिघडलाय. पण अलाइनमेंट करण्याआधी टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश हे स्टीअरिंग-सस्पेन्शनचे सांधे तपासून घ्या. ते ढिले असतील तर केलेलं सेटिंग टिकत नाही आणि पैसे फुकट जातात. परिघावर ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर दोष शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा किंवा बॅलन्सिंगचा (चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसण्याचा). एकाच जागी सपाट डाग म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊन घसरलं.

आतली कड उभ्याने दिसत नाही, म्हणून तीच दुर्लक्षित राहते. स्टीअरिंग पूर्ण वळवून पुढची चाकं बघा आणि नक्षीची खोली आत, मधे, बाहेर अशा तीन जागी मोजा. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे 1.6 मिलिमीटरची खूण दाखवतात. एका जागी जरी नक्षी तिथवर आली तरी टायर संपला.

रोटेशन, म्हणजे टायरच्या जागांची अदलाबदल, 8 ते 10 हजार किलोमीटरला करा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे जातात, मागचे तिरके पुढे येतात. भिंतीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर डावी-उजवी बाजू बदलायची नाही. पुढे-मागे वेगळा दाब असलेल्या गाडीत रोटेशननंतर चारही टायरची हवा नव्या जागेप्रमाणे पुन्हा लावून घ्या, आणि दाबाची सूचना देणारी यंत्रणा असेल तर तीही रीसेट करा.